पवनेच्या बॅकवॉटरकाठची जागा: लॉन काढून इथली झाडं-झुडपं परत आणायची आहेत, मदत हवी

रानजाई
नमस्कार मंडळी,
पवना धरणाच्या बॅकवॉटरला, तुंगच्या बाजूला आमची एकरभराच्या आसपास जागा आहे. वाटणी होऊन आता ती माझ्या आणि भावाच्या नावावर आली. मधली काही वर्षं भाड्याने दिली होती, घेणाऱ्यांनी टेंट लावायच्या हिशोबाने जेसीबी घालून उताराचे तीन टप्पे पाडले, त्यावर मेक्सिकन लॉन, कडेने सिल्व्हर ओक आणि फॉक्सटेल पाम, कुंपणाला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरून आलेलं झाड). पाण्याच्या अंगाला बेशरमची रांगच्या रांग माजली आहे. करार संपला, आता आम्हाला तिथे कॅम्पिंग, रिसॉर्ट काही करायचं नाही. एक छोटं घर आहे तेवढं पुरे. बाकी जागेत त्या डोंगरात पूर्वी जे होतं ते परत यावं अशी मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी की जून-जुलैत टप्प्यांची माती खाली येते, आणि ऑगस्टमध्ये धरण भरलं की वारा सुटतो तेव्हा लाटा कड खात जातात, एका ठिकाणी तर कुंपणाचे खांब लोंबकळतायत. कंत्राटदार म्हणतो गॅबियन वॉल बांधा, खर्च ऐकून आम्ही गप्प बसलो. पण पैसे असते तरी मला काठावर जाळीतल्या दगडांची भिंत नकोय. तिथे नेमकं काय लावावं, कुठून सुरुवात करावी, पाण्यात तीन-चार महिने उभं राहील आणि मे महिन्यात कडकडीत मुरमातही जगेल असं काही असतं का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मोठं झालं तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

धनेश७
विषय अगदी जवळचा, म्हणून लांब लिहितोय.

पहिली गोष्ट, हा तलाव नाही, धरणाचं बॅकवॉटर आहे, आणि सगळा फरक तिथेच पडतो. नैसर्गिक तळ्याचा काठ वर्षभर थोडाफार इकडेतिकडे होतो. पवनेचं पाणी ऑगस्टअखेर भरतं आणि मग पिंपरी-चिंचवडसाठी नदीत सोडत सोडत जूनपर्यंत कित्येक मीटर खाली जातं. म्हणजे तुमचा 'काठ' ही एक रेषा नाहीच, तो मोठा उघडानागडा पट्टा आहे जो अर्धं वर्ष पाण्यात आणि अर्धं वर्ष उन्हात असतो. त्यामुळे पुस्तकात 'तलावाकाठची झाडं' म्हणून जी यादी असते ती जशीच्या तशी इथे लावून चालत नाही.

मी जागेचे तीन भाग पाडून विचार करतो. वरचा उतार जिथे पाणी कधीच येत नाही. मधला पट्टा, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाणी टेकतं त्या रेषेच्या थोडं खालून वर चारपाच मीटर, जिथे लाटा आपटतात आणि मुळं काही महिने ओली राहतात. आणि खालचं, पाणी ओसरल्यावर उघडं पडणारं. तुमचं खरं काम मधल्या पट्ट्यात आहे.

मधल्या पट्ट्यासाठी माझी पसंती: करंज सगळ्यात आधी. ओढ्यानदीकाठचं झाड आहे, मुळं पाण्यात राहिली तरी कुरकुर नाही, उन्हाळ्यात तग धरतं, शेळ्यागुरं फारसं तोंड लावत नाहीत. त्याच्या जोडीला अर्जुन, उंबर, जांभूळ. तुमच्या हद्दीत ओढा उतरत असेल तर त्याच्या तोंडाशी वाळुंज आणि पाणजांभूळ, आणि खडकाळ भाग असेल तर शेरणी. शेरणी बघितली नसेल तर कुठल्याही ओढ्याच्या पात्रात दगडांच्या फटीत लवचिक फांद्यांचं झुडूप असतं, पूर अंगावरून जातो आणि ते पुन्हा सरळ उभं राहतं, ती शेरणी. झुडपांत निर्गुडी भरपूर. आणि सगळ्याच्या मधून वाळा, ज्याला आपण उन्हाळ्यात माठात टाकतो तोच. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, कड धरून ठेवायला त्याच्यासारखं गवत नाही.

वरच्या उतारावर मात्र घाई करू नका. आधी नीट बघा, जेसीबीने जिथे हात लावला नाही तिथे जुने बुंधे आहेत का. ऐन, हिरडा, किंजळ, कुंभा, जांभूळ ही सगळी तोडली तरी बुंध्यातून फुटतात, वर्षानुवर्षं कापली आणि वणव्यात भाजली गेली तरी खालचं मूळ जिवंत असतं. तो फुटवा वाचवला तर नर्सरीतल्या रोपाच्या कितीतरी पुढे जातो, कारण मूळ आधीच खोल गेलेलं असतं. एकदोन जोमदार फुटवे ठेवायचे, बाकीचे छाटायचे, बस. फुकटचं जंगल आहे ते.

काले_कॉलनी
ताई मी त्याच भागातला. दोन गोष्टी झाडांच्या आधीच्या.

एक म्हणजे हद्द. धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं तिथपर्यंतची जमीन संपादनात गेलेली आहे, ती जलसंपदा खात्याची. बऱ्याच ठिकाणी प्लॉटवाले पाणी खाली गेलं की कुंपण पुढे सरकवत नेतात, ते करू नका. तुमचे खांब लोंबकळतायत म्हणता तर आधी मोजणी करून घ्या, कुंपण मुळात बरोबर जागी आहे का ते कळेल. खाली काही लावायचं असेल तर खात्याच्या ऑफिसात विचारून.

दुसरी, पाणी ओसरल्यावर जी जमीन उघडी पडते तिथे आमची लोकं गाळपेर करतात. हरभरा, वाल, कुठे गहू, जनावरांना चारा. ज्यांच्या जमिनी ह्याच धरणात गेल्या त्यांचीच ही माणसं आहेत, पुनर्वसनाचा प्रश्न अजून कित्येकांचा सुटलेला नाही. तेव्हा निसर्ग परत आणायचा म्हणून खाली पाण्यापर्यंत दाट झाडी लावून वाट बंद केलीत तर गुरं पाण्यावर कुठून जाणार. गुरांची वाट सोडा. गावात जाऊन आधी बोला, आमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना कुठल्या ओहोळाला काय होतं ते पाठ आहे.

रानजाई
काले_कॉलनी दादा, हे लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. गाळपेरीचं माहीत होतं पण आपल्या जागेशी त्याचा संबंध लावला नव्हता. आमच्या हद्दीच्या पश्चिमेला गुरांची पायवाट आहेच, ती तशीच मोकळी ठेवणार. मोजणीचा अर्ज करतो.

धनेश७, ओढा आहे. छोटासा, दिवाळीपर्यंत वाहतो. आणि वरच्या कोपऱ्यात खरंच बुंधे आहेत, भाऊ त्यांना खुंट समजून खणून काढायला निघाला होता, आत्ताच फोन करून थांबवलं. बेशरम आणि गिरिपुष्पाचं काय करू?

शमा_वाई
बेशरमबद्दल मी सांगते, आमच्याकडे धोम धरणाच्या पाण्यालगत हेच केलंय.

कोयत्याने छाटून काही होत नाही. उलट छाटलेला प्रत्येक तुकडा ओल्या मातीला लागला की मूळ धरतो, आणि पाण्यात वाहत गेला तर पलीकडच्या काठावर जाऊन उगवतो. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं आणि जमीन तडकली की टिकाव घेऊन मुळासकट खणायचं, आणि काढलेला माल पाण्यापासून लांब, वर नेऊन दगडांवर पसरून पूर्ण वाळवायचा. पहिल्या पावसानंतर जे कोंब येतील ते हाताने उपटायचे, दर पंधरा-वीस दिवसांनी फेरी मारायची. चिकाटीचं काम आहे. हातमोजे घाला, चीक लागतो. आणि काढलेलं शेळ्यांपुढे टाकू नका, विषारी आहे.

पण एक सांगते, सगळं एका दमात काढू नका. बेशरम कितीही वाईट असली तरी आत्ता तुमची कड तीच धरून बसलीय. दहा-पंधरा फुटांचा तुकडा साफ करा, तिथे लगेच वाळा आणि निर्गुडी लावा, ते धरलं की पुढचा तुकडा. आम्ही असंच पुढे पुढे सरकत गेलो.

गिरिपुष्पाला सुद्धा हाच न्याय. सावली देतंय, पाला पडून माती होतेय. त्याच्या सावलीत आपली झाडं लावा, ती वर आली की गिरिपुष्प दरवर्षी खाली छाटत जा आणि पाला तिथेच आच्छादनाला घाला.

धनेश७
बेशरमबद्दल शंभर टक्के सहमत. गिरिपुष्पाबद्दल नाही. ते बी टाकतं, मावळात रस्त्याकडेने जिथे जिथे लावलं तिथून आजूबाजूच्या उतारावर कसं पसरलंय ते दिसतं. कुंपणाची रांग असेल तर शेंगा धरायच्या आत, म्हणजे फुलं येताच दरवर्षी छाटणी झालीच पाहिजे. एक वर्ष चुकलं की पुढची कित्येक वर्षं रोपं उपटत बसा. मी असतो तर पावसाळा संपताना अर्धी रांग बुंध्याशी साल काढून मारली असती आणि उरलेली पुढच्या वर्षी. मेलेलं खोड उभं राहू द्यायचं, पक्षी बसतात, तांबट आणि सुतार पोखरतात.

शमा_वाई
छाटणी दरवर्षी करणारं कुणी तिथे असेल तर माझं खरं, नसेल तर तुमचं खरं, असं म्हणू. रानजाई, तुम्ही महिन्याला जाणार की वर्षातून दोनदा त्यावर ठरवा.

पाळीवरचा
मी भंडाऱ्याचा. आमच्याकडं मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, भंडारा-गोंदियात गावागावात. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळात बांधलेले, त्याच्यावरच धान पिकतो. तुमच्या धरणाचं गणित वेगळं आहे, पण एक गोष्ट सांगावीशी वाटली म्हणून लिहून राहिलो.

तुम्ही सगळे झाडांचं बोलून राहिले, पाण्याच्या आतल्या वनस्पतीचं कोणी नाही बोललं. आमच्या तलावात उथळ पाण्यात देवधान असतो, कमळ असते, पाण्याखाली गवतासारख्या वनस्पती असतात, त्याच्यात मासोळी अंडी घालते, त्याच्यातच पिल्लं लपतात. बेशरम माजली आणि तलाव ट्रॅक्टरनं खरडून सपाट केला की हे सगळं जाते आणि गावठी मासोळी संपते. ढिवर समाजाच्या बायांनी काही तलावांत बेशरम काढून ह्या पाणवनस्पती परत लावल्या, त्याच्यानंतर मासोळी वाढली, पक्षी आले. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, कहू (तुमचा अर्जुन), जांभूळ, मोह असतो. कहूवर अन् येनावर (तुमच्या ऐनावर) कोसा रेशमाचा किडा पण पोसतात.

तर ताई, तुमच्या ओहोळाच्या तोंडाशी जिथे पाणी उथळ राहते अन् लाट कमी लागते, तिथे लव्हाळे, नळगवत असं काही आपोआप आलं असेल तर त्याला घाण समजून काढू नका. तेच आधी राखा. फक्त पाणकणीस असेल तर लक्ष ठेवा, ते सगळी जागा खाऊन टाकते.

मिनेसोटाकर
धागा आवडला. मी गेली बरीच वर्षं मिनेसोटात आहे, आमच्या घरामागे लहानसं तळं आहे आणि इथे हा विषय शेजारीपाजारी सगळ्यांच्या तोंडी असतो. इथली झाडं तुम्हाला उपयोगाची नाहीत, पण पद्धत कदाचित होईल.

इथेही लोकांनी पाण्यापर्यंत लॉन केलं होतं. लॉनची मुळं चार बोटं खोल, त्यामुळे कड ढासळते, आणि कॅनडा गूज नावाची मोठी बदकं आखूड गवत बघून शेकड्याने चरायला येतात आणि सगळीकडे घाण करतात. आता लोक पाण्यालगतचा पट्टा लॉन काढून स्थानिक गवतं, फुलझाडं, झुडपं ह्यांना परत देतात. उंच झाडोरा असला की त्या बदकांना पलीकडे कोल्हा आहे का ते दिसत नाही, मग ती तिथून वर चढत नाहीत. लॉनला फॉस्फरसवालं खत घालायला राज्यात बंदी आहे, नवीन लॉन वगैरे मोजके अपवाद, कारण ते वाहून गेलं की तळं शेवाळाने हिरवं होतं. आणि पाण्यातल्या उभ्या वनस्पती काढायच्या तर खात्याचा परवाना काढावा लागतो, स्वतःच्या घरासमोर सुद्धा.

लाटांसाठी इथे काथ्याचे लांब गुंडाळे मिळतात, मांडीएवढे जाड. ते पाण्याच्या रेषेवर खुंट्या मारून बसवतात, लाट त्यावर फुटते, मागे माती साठते आणि त्यातच रोपं लावतात. काही वर्षांत काथ्या कुजून जातो, तोवर मुळांनी काम हातात घेतलेलं असतं. दुसरं म्हणजे विलो आणि रेड ओझियर डॉगवूडची हिवाळ्यात छाटलेली दांडकी वसंतात ओल्या कडेत ठोकतात, तीच फुटतात. तुमचं वाळुंज हे विलोचंच भावंड आहे, त्याचं असं होत असेल ना?

काथ्या तर आपल्या कोकणातच होतो, इथे आम्ही तो दुरून आलेला विकत घेतो.

धनेश७
होतं. वाळुंजाची अंगठ्याएवढी जाड दांडकी, हातभर लांब, दोन तृतीयांश जमिनीत. निर्गुडीचंही होतं, शिमटीचं तर कुंपणाला लोक करतातच, पांगाऱ्याचंही. पण तुमच्याकडे पाणी फूटभर वरखाली होत असेल, इथे काही मीटरचा फरक आहे, म्हणून काथ्याचा गुंडाळा फक्त पूर्ण भरलेल्या पातळीच्या रेषेवर बसवण्यात अर्थ आहे, जिथे पाणी सगळ्यात जास्त दिवस टेकून राहतं आणि झीज तिथेच होते. काथ्या नसेल तर निर्गुडीच्या ताज्या फांद्यांच्या मोळ्या बांधायच्या, उताराला आडव्या, अर्ध्या मातीत गाडून खुंट्या मारायच्या. त्या मोळ्याच फुटतात. जवळजवळ बिनखर्चाचं.

आणि लागवडीची वेळ, ही महत्त्वाची. वरच्या उतारावर नेहमीप्रमाणे जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसानंतर लावा. पण मधल्या पट्ट्याच्या खालच्या कडेला जूनमध्ये लावलेलं वीतभर रोप ऑगस्टमध्ये पूर्ण बुडतं आणि कुजतं. तिथे मी पाण्याच्या मागे मागे जातो, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरला पाणी ओसरायला लागलं की ओल्या जमिनीत लावायचं, तीच ओल घेऊन रोप थंडीत मुळं सोडतं. गाळपेरवाले हेच करतात की. फक्त रोप मोठं हवं, कमरेच्या वर, दोन-तीन वर्षं वाढवलेलं, म्हणजे पुढच्या वर्षी पाणी आलं तरी शेंडा बाहेर राहतो.

सह्यकडा
मियावाकी, म्हणजे दाटीने लागवड करायची पद्धत, का करत नाही? एकराला हजारो रोपं, दोन-तीन वर्षांत दाट जंगल. आमच्या सोसायटीत केलंय, मस्त आलंय.

शमा_वाई
सोसायटीत ठीक आहे हो, तिथे आधी काहीच नव्हतं. इथे बुंधे जिवंत आहेत, बाजूला डोंगर आहे, बी आणणारे पक्षी आहेत, वाऱ्याने सावरीचं बी उडत येतं. त्यावर जमीन उकरून भुसा-खत मिसळून हजारो रोपं दाटीने ठोकली तर आहे ते गाडलं जाईल. शिवाय एवढ्या रोपांना उन्हाळ्यात पाणी, ते कुठून? पंप लावून धरणातून?

आणि सगळी जागा झाडांनी भरायचीच कशाला. टिटवी उघड्या गोट्यांच्या जमिनीवर अंडी घालते, मार्चपासून पुढे. माळटिटवी, चंडोल, सगळ्यांना मोकळं गवत लागतं. तुमच्या खालच्या टप्प्यावर लॉन निघाल्यावर नुसतं मारवेल आणि डोंगरी गवत येऊ द्या, मध्ये दोनचार धायटीची झुडपं. जानेवारीपासून धायटी लाल होते आणि सूर्यपक्ष्यांची झुंबड उडते, बघाच.

सह्यकडा
पटलं. मला वाटायचं जितकी झाडं तितकं चांगलं.

कोकणकडची
ताम्हण विसरलात का सगळे? आपलं राज्यफूल. आमच्या सिंधुदुर्गात ओढ्याकाठी पाण्यात पाय सोडूनच उभं असतं, मे महिन्यात जांभळा रंग असा काही येतो की बस. काठाला ह्याहून चांगलं झाड कुठलं?

धनेश७
झाड देखणं आहे आणि पाणी सोसतं हे खरं. पण मावळच्या ओढ्यांना मी ते आपणहून वाढलेलं पाहिलेलं नाही, जे आहे ते लावलेलं. माझा साधा नियम, आजूबाजूच्या पाचदहा किलोमीटरच्या देवरायांत आणि ओढ्यांत जे आहे ते आधी. कडुनिंबाचंही तेच. आपलंच झाड, पण ते कोरड्या मुलखाचं, मावळच्या पावसात त्याला कशाला उभं करायचं. सिंधुदुर्गात जागा असती तर मीच म्हटलं असतं ताम्हण लावा.

कोकणकडची
एक-दोन घराजवळ लावायला हरकत नसावी, एवढं म्हणून थांबते.

रानजाई
घराजवळ एक ताम्हण नक्की. आईची तीच फर्माईश आहे.

बऱ्याच दिवसांनी अपडेट देते. मोजणी झाली. कुंपण खरंच पुढे गेलेलं निघालं, आम्ही ते मागे घेतलं आणि मागे घेताना सिमेंटचे खांब काढून टाकले, आता हद्दीवर निर्गुडी आणि अडुळसा, दोन्ही शेळ्या खात नाहीत. ओढ्याच्या तोंडाचं लव्हाळं तसंच ठेवलंय. ओढ्याच्या वर चढून गेलो तर पाणजांभूळ, उंबर, वाळुंज सगळं अर्ध्या तासाच्या चालीत मिळालं. गावातल्या एक आजी बरोबर आल्या होत्या, त्यांनी पूर्वी धरण होण्याआधी खाली नदीला काय काय होतं ते सांगितलं, करंजाची राई होती म्हणाल्या, तिच्या बियांचं तेल दिव्याला घालायचे. ती राई आज पाण्याखाली आहे. हे ऐकल्यावर करंजच जास्तीत जास्त लावायचे असं भावाने आणि मी तिथेच ठरवलं.

एका नर्सरीतून 'स्थानिक झाडं' म्हणून रोपं आणली होती, त्यात हिरड्याच्या नावाखाली बदामाची रोपं निघाली. म्हणून आता बी आपणच गोळा करतोय. काही टिप्स?

शमा_वाई
जांभळाचं बी अजिबात साठवू नका, फळ खाल्लं की आठवड्याभरात पिशवीत. वाळलं की मेलं. पाणजांभळाचंही तसंच धरा. करंज काही महिने टिकतो. हिरडा-बेहडा उगवायला वेळ घेतात, पिशवी फेकून देऊ नका. उंबर बियांपासून फार नाजूक असतो, भिंतीत किंवा खडकात उगवलेलं छोटं रोप पावसात अलगद काढून आणा. करवंद, तोरण, गेळा ही काटेरी मंडळी उन्हाळ्यात फळं धुऊन लगेच टाका, पुढे तीच तुमच्या लहान झाडांना गुरांपासून राखतील. करवंदाच्या जाळीत वाढलेलं झाड बघा, कुणी हात लावत नाही.

देवराईतून बी आणायचं तर गावाला विचारून, आणि पडलेलं थोडंसंच उचलायचं. काही देवरायांत पान सुद्धा बाहेर नेत नाहीत, तिथला रिवाज मोडू नका.

काले_कॉलनी
वणव्याचं कुणी बोललं नाही. फेब्रुवारीपासून डोंगर पेटायला लागतात. कुणी गवत चांगलं यावं म्हणून लावतं, कुणाची राबाची, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, आग हातातून सुटते, आता तर टेंटवाल्यांच्या शेकोट्या. तुम्ही गवत मोकळं सोडणार, ते डिसेंबरात वाळलं की बारूद आहे. डिसेंबर संपायच्या आत वरच्या बाजूने आणि दोन्ही अंगांनी जाळरेषा काढा, दहा-बारा फूट रुंद, गवत पूर्ण खरवडून. पाण्याच्या बाजूला गरज नाही. गवत कापून गावातल्या गुरांना द्या, पैसे घेऊ नका, मग आग दिसली की हीच माणसं आधी धावतील.

पाणकाठ
वाचत होतो, एक भर. बाहेरच्या दिव्यांचा विचार करा. मेअखेरीला, पावसाच्या तोंडावर त्या भागात काजवे असतात, झाडं लखलखतात. प्रखर एलईडी लावले की नर-मादीला एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. घराबाहेर एक मंद पिवळा दिवा, खाली तोंड केलेला, तोही गरजेपुरता. आणि सेप्टिक टँक काठापासून जितका लांब आणि वर नेता येईल तितका न्या, हे पाणी पुढे पिंपरी-चिंचवडसाठी रावेतला नदीतून उचलतात आणि लाखो लोक पितात.

रानजाई
दोन्ही लिहून घेतलं. सेप्टिक टँक सध्या खालच्या टप्प्यावर आहे, तो वर हलवायचं काम ह्याच उन्हाळ्यात काढतोय.

टप्प्यांचं एक विचारायचं राहिलं. तीन टप्प्यांच्या उभ्या कापलेल्या भिंती आहेत, पुरुषभर उंच, तिथूनच माती येते. पुन्हा जेसीबी आणून उतार सारखा करून घ्यावा का?

धनेश७
नको. पुन्हा हलवलेली माती पहिल्या दोन पावसाळ्यांत सगळी धरणात जाईल. भिंतीच्या वरच्या कडेपासून हातभर आत उथळ चर काढा, म्हणजे वरचं पाणी भिंतीवरून कोसळणार नाही, चर ओढ्याकडे अगदी हलक्या उताराने न्या आणि त्यात मध्ये मध्ये दगडांचे छोटे अडथळे. चराच्या खालच्या अंगाला वाळ्याचे ठोंब वीत-वीत अंतरावर, सलग ओळ, मध्ये फट नको. भिंतीच्या पायथ्याशी पडलेली माती उचलू नका, तिथे तिचा आपोआप उतार होतोय, त्यावरच दगडी बांध न घालता कुडा, मुरुडशेंग, धायटी, दिंडा लावा. भिंतीला स्वतःला उक्षी सोडा, ती वरून खाली लोंबत येते आणि पावसाचा मारा अंगावर घेते.

सिल्व्हर ओक आणि पाम कापण्याआधी त्यावर घरटी आहेत का बघा, काम हिवाळ्यात करा. आणि पुढेमागे तुमच्या बुंध्यांतून आलेले ऐन, हिरडा, जांभूळ, किंजळ मोठे झाले तर ती झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, 1964 चा कायदा आहे. भावाला आत्ताच सांगून ठेवा.

रानजाई
भावाला सांगितलं. तो म्हणाला तोडायची कुणाला आहेत.

वाळ्याचे ठोंब कुठे मिळतील? पुणे-तळेगाव परिसरात कुणाकडे जास्तीचे असतील तर मेसेज करा, आम्ही येऊन खणून नेऊ. बदल्यात करंजाची रोपं देऊ, सध्या पिशव्यांत भरपूर आहेत.

शमा_वाई
वाईपर्यंत येणार असाल तर माझ्याकडे आहेत, मेसेज केलाय. मेच्या शेवटी या, ठोंब खणले की पानं वीतभर ठेवून छाटायची, मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि पहिल्या पावसाची वाट न बघता चराला पाणी देऊन लगेच लावायची. गाडीत जागा ठेवा, निर्गुडीच्या मोळ्याही देते.